पांढरीखालचा मजकूर

राजेश्वर हे बिदर जिल्ह्यातलं, बसवकल्याण तालुक्यातलं गाव. इथून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात कल्याण येतं, चालुक्यांची राजधानी. पूर्वेला बहामनींचं बिदर. दक्षिणेला कलबुर्गी जिल्ह्यात राष्ट्रकूटांचं मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड, आणि त्याच्याही खाली भीमेच्या काठी सन्नती, जिथे सम्राट अशोकाची अक्षरं सापडली. गाडीने एका दिवसात सहज फिरून येता येईल अशा या टापूत दोन हजारांहून अधिक वर्षं एकावर एक रचलेली आहेत. बाजारात कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू एकाच दुकानासमोर ऐकू येतात. या पुस्तकातल्या साहसकथा याच मुलखात घडतात. त्यांत नकाशे आहेत, भुयारं आहेत, अर्धवट तुटलेले शिलालेख आहेत आणि काळोखात एकमेकांचा माग काढणारी माणसंही आहेत. अशा कथांना ‘वेळ घालवायचं वाचन’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

गुप्तधनाची गोष्ट ऐकल्याशिवाय या भागात कुणी मोठं होत नाही. गावाची जुनी पांढर, पडकी गढी, बुजलेली बारव, मठामागचा ओटा, यांपैकी कुठेतरी मोहरांचा हंडा असतोच. त्यावर नाग बसलेला असतो. अमावास्येला हंडे जमिनीखालून सरकतात आणि त्यांची घरघर ऐकू येते. धन माणसाला हाक मारतं, ‘येऊ का?’ म्हणून विचारतं, आणि ‘ये’ म्हणणाऱ्याकडून मोबदल्यात काहीतरी मागून घेतं. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं दिसतं, असंही सांगतात. यातलं पायाळूचं आणि अंजनाचं खरं मानून कुणी कुदळ उचलली तर अनर्थ होतो, त्याबद्दल पुढे बोलूच. पण गोष्ट म्हणून पाहिलं तर तिची बांधणी पक्की आहे. जागा रोजच्या पाहण्यातली असते, आणि धनाला किंमत मोजावी लागते. जगातल्या चांगल्या साहसकादंबऱ्या याच दोन खांबांवर उभ्या राहिल्या आहेत.

या गोष्टींच्या मुळाशी व्यवहारही आहे. ज्या काळी सैन्यं दरवर्षी याच वाटेने जात होती, त्या काळी घरातलं किडूकमिडूक जमिनीत पुरून ठेवणं हीच तिजोरी होती. पुरणारा परत आला नाही की त्याची गोष्ट होते.

आपल्याकडे हा कथाप्रकार बाहेरून आला, असं अनेकांना वाटतं. पण महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात चक्क एक धनशोधाची मोहीम आहे. युद्ध संपलंय, खजिना रिकामा झालाय, यज्ञाला पैसा नाही. तेव्हा व्यास युधिष्ठिराला सांगतात, की मरुत्त राजाने यज्ञात दिलेलं सोनं ब्राह्मणांना नेता आलं नाही आणि ते हिमालयात पडून आहे. पांडव तिथवर जातात, पूजा करतात, खणतात आणि सोनं लादून परत येतात. सिंहासनबत्तिशीची चौकटही उत्खननाचीच. एका उंचवट्यावर बसणारा साधा माणूस तिथे बसला की शहाण्यासारखं बोलू लागतो, म्हणून भोज राजा ती जागा खणवतो आणि खाली विक्रमाचं सिंहासन सापडतं. मातीखाली काय आहे याचा सुगावा माणसाच्या वागण्यातून लागतो, ही कल्पना आजच्या कुठल्याही लेखकाने हेवा करावा अशी आहे.

इंग्रजीत स्टीव्हन्सनचं ‘ट्रेझर आयलंड’ १८८३ साली आणि हॅगार्डचं ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ १८८५ साली पुस्तकरूपात आलं, आणि नकाशा, टोळी, फितुरी, गुहा हा साचा जगभर रुजला. मराठीत नाथमाधवांनी ‘वीरधवल’मधून अद्भुताची गोडी लावली. बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथा घराघरांत नेली. माझ्या लेखी या वाटेवरचा मोठा टप्पा जयंत नारळीकरांचा आहे. ‘वामन परत न आला’ या त्यांच्या कादंबरीत कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला प्रयोगासाठी खोल खड्डा खणताना एका हरवलेल्या संस्कृतीने मागे ठेवलेली वस्तू हाती लागते. तिच्यात सोनं नसतं. ज्ञान असतं, आणि ते कुणाच्या हाती पडावं यावरच सगळा संघर्ष उभा राहतो. अलीकडे डॉ. प्रकाश कोयाडे यांच्या ‘प्रतिपश्चंद्र’ने हजारो तरुण वाचकांना पुन्हा जाडजूड मराठी कादंबरीकडे वळवलं. वाचनालयात तरुण दिसत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी या गोष्टीची नोंद घ्यायला हवी.

मग या कथांत ओढून नेणारं नेमकं काय असतं? सोनं म्हणावं, तर शेवटच्या प्रकरणात सोनं सापडलं की वाचक पुस्तक मिटतो. त्याला जागं ठेवतं ते आधीचं सगळं: एक खूण दिसली, तिचा अर्थ लागेना, मग लागला, मग तो चुकीचा निघाला. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने काहीतरी लिहून ठेवलंय आणि ते आपल्याला वाचता येतंय, यातला थरार कुठल्याही हंड्यापेक्षा मोठा आहे. या सीमाभागाची गंमत अशी, की इथे हे अक्षरशः खरं आहे. इथले सगळ्यांत मोठे शोध म्हणजे लिहिलेल्या ओळी आहेत.

रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीचं उदाहरण घ्या. ब्राह्मी लिपी प्रिन्सेपने १८३७ साली उलगडली. देशभरच्या खडकांवर ‘देवांना प्रिय प्रियदर्शी’ राजा बोलू लागला. हा राजा म्हणजे अशोक, हे सिंहली ग्रंथांच्या आधाराने मानलं गेलं, पण ‘अशोक’ हे नाव त्या खडकांवर वाचायला मिळत नव्हतं. १९१५ साली सी. बीडन नावाचा सोन्याच्या खाणींचा अभियंता निजामाच्या राज्यात सोन्याच्या शोधात फिरत असताना मस्कीच्या टेकडीवर त्याला एक लेख दिसला. त्यात नाव होतं: अशोक. हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं नुकतंच, १९१४ साली, सुरू झालं होतं. त्याच्या ग्रंथमालेचा पहिलाच अंक या लेखावर निघाला. सोनं शोधायला निघालेल्या माणसाला सम्राटाचं नाव सापडणं, हे एखाद्या कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने ‘फार जुळवून आणलंय’ असा शेरा मारला असता.

सन्नतीची गोष्ट त्याहून विलक्षण आहे, आणि मराठी वाचकाला जवळचीही. सन्नतीची चंद्रलांबा ही महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. पंढरपूरवरून आलेली भीमाच इथे देवीच्या पायथ्याशी वाहते. पिढ्यानपिढ्या लोक इथे ओटी भरायला येत होते. १९८६ साली मंदिराच्या आवारातल्या कालीच्या देवळाचं छत कोसळलं, मूर्ती भंगली आणि तिच्या पीठाचा दगड उघडा पडला. त्या दगडावर ब्राह्मी अक्षरं होती. अशोकाची शासनं! मूर्ती बसवण्यासाठी कुणीतरी, कधीतरी त्या शिळेत खाच पाडली होती. लिपी विस्मरणात गेल्यावर दगड हा नुसता चांगला दगड उरतो.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. या शिळेवर अशोकाचं बारावं आणि चौदावं शासन आहे आणि त्यांच्याबरोबर दोन ‘स्वतंत्र शासनं’ आहेत. ही दोन शासनं त्याआधी फक्त ओडिशात, धौली आणि जौगडला माहीत होती, म्हणजे ज्या कलिंगावर अशोकाने ते भयंकर युद्ध लादलं तिथे. कलिंगात त्याने युद्धाच्या पश्चात्तापाचं तेरावं शासन कोरवलं नाही, त्याजागी अधिकाऱ्यांना प्रजेशी न्यायाने वागा असं बजावणारी ही शासनं दिली. मग तीच शासनं शेकडो मैलांवर, भीमेच्या काठी का? इथेही काही घडलं होतं का? अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलं आहे. माझ्यासारख्या कथाप्रेमी माणसाला एवढंच कळतं, की याहून चांगली सुरुवात कुठल्याही थरारकथेला मिळणार नाही. शिवाय बारावं शासन सांगतं, की दुसऱ्याच्या पंथाचाही आदर करा. ते सांगणारा दगड किती काळ कुणास ठाऊक एका देवीचं आसन होऊन राहिला होता.

सन्नतीजवळच कनगनहळ्ळीला पुरातत्त्व खात्याने १९९४नंतर उत्खनन केलं. तिथला महास्तूप शिल्पांच्या तुकड्यांसकट बाहेर आला. त्यातल्या एका शिल्पात राजा, राण्या आणि सेविका आहेत, आणि वर ब्राह्मीत लिहिलं आहे: ‘राया असोको’. अशोकाचं त्याच्या नावासकट कोरलेलं चित्र! तिथेच सातवाहन राजेही नावांनिशी भेटतात, म्हणजे आपल्या पैठणचे धनी.

बिदरचा महमूद गवान मात्र सोन्याच्या गोष्टीला वेगळंच वळण देतो. इराणातल्या गिलानहून आलेला हा व्यापारी बहामनींचा वजीर झाला. त्याने १४७२मध्ये बिदरला मदरसा बांधला. त्याचा निळ्या-हिरव्या फरश्यांचा उंच मिनार आजही उभा आहे. दरबारातल्या विरोधकांनी वजिराची मुद्रा सांभाळणाऱ्या सेवकाला नादी लावून कोऱ्या कागदावर शिक्का मिळवला, आणि त्यावर ओडिशाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचं पत्र लिहिलं. सुलतानाने १४८१ साली गवानचा शिरच्छेद करवला. मग त्याच्या अफाट संपत्तीची मोजदाद करायला माणसं धावली. इतिहासकार फेरिश्ता सांगतो, की हाती फारच थोडं लागलं. येणारा पैसा गवान सैनिकांवर, गोरगरिबांवर खर्च करत होता आणि ग्रंथ मदरशाला देत होता. पुढच्याच वर्षी सुलतानही मेला आणि राज्याचे तुकडे पडू लागले. बनावट पत्र, चोरलेला शिक्का, रिकामा खजिना. यात कल्पनेने भर घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

त्याच बहामनींचं ‘तख्त-ए-फिरोजा’ हे निळं सिंहासन तेलंगणच्या राजाकडून आलं. प्रत्येक सुलतानाने त्यात रत्नांची भर घातली, आणि उतरत्या काळात ती रत्नं काढून ते मोडलं गेलं. मळखेडचं तर त्याच्याही आधीचं. राष्ट्रकूटांची ही श्रीमंत राजधानी माळव्याच्या परमार राजाने लुटली. ही लूट ९७२ची, हे आपल्याला कशामुळे नेमकं कळतं? धनपाल नावाच्या कवीने धारानगरीत आपल्या धाकट्या बहिणीसाठी एक प्राकृत शब्दकोश रचला, आणि मान्यखेट लुटलं गेलं त्या साली तो पूर्ण झाला असं त्यात लिहून ठेवलं. लुटीतलं सोनं कुठे गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही. बहिणीसाठी रचलेला कोश मात्र उरला.

भुयारांचंही तसंच. प्रत्येक किल्ल्यातून एक भुयार दुसऱ्या किल्ल्यापर्यंत जातं आणि त्यातून राजा घोड्यावरून पळून गेला, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बिदरजवळ नौबादला खरंच एक भुयार आहे. स्थानिक लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. पंधराव्या शतकात बहामनींनी इराणी पद्धतीने जांभ्या खडकातून खणलेली ही करेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी वाट आहे, दोन किलोमीटरांहून लांब, आणि हवा-उजेडासाठी मधूनमधून उभ्या विहिरी असलेली. कित्येक वर्षं ती बुजलेली होती. या शतकात ती साफ होऊ लागली तेव्हा आत पाणी होतं. दुष्काळी मुलखात याहून मोठा ठेवा दुसरा कुठला असणार?

आता या कथांच्या काळ्या बाजूबद्दल. आमच्या भागात शेतातल्या एकाकी देवळाचा नंदी रात्रीतून उलथलेला, शिवलिंग उखडलेलं, वीरगळ दुभंगलेला आढळतो. खाली खड्डा आणि शेजारी लिंबू-हळद-कुंकू. कुणाच्या तरी डोक्यात भरवलेलं असतं, की नंदीच्या पोटात नाहीतर पाठीखाली धन आहे. धन मिळत नाही. हजार वर्षांचं शिल्प मात्र संपतं. कधीकधी याहून अघोरी प्रकार घडतात. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आणि कर्नाटकाचा २०१७चा कायदा, दोन्हींनी गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांना गुन्हा ठरवलं ते उगाच नाही. साहसकथा लिहिणाऱ्याने हे विसरून चालणार नाही. ज्या कथेत नायक मूर्ती फोडून आतली किल्ली काढतो आणि लेखक त्याचं कौतुक करतो, ती कथा कितीही वेगवान असली तरी मी ती मुलांच्या हाती देणार नाही.

नाण्यांचा हंडा सापडला आणि तो वितळला नाही, तर काय होतं याचं सुंदर उदाहरण नाशिक जिल्ह्यात आहे. जोगळटेंभी इथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याला हरवलं, त्याचा खजिना ताब्यात घेतला आणि त्याच्या मुद्रेवर आपली मुद्रा उमटवली, हा सगळा इतिहास त्या हंड्याने सांगितला. सराफाच्या मुशीत गेला असता तर त्या चांदीचे चार पैसे झाले असते आणि महाराष्ट्राच्या इतिहासातलं एक पान गेलं असतं.

कथाकारांकडूनही माझ्या काही अपेक्षा आहेत. हल्ली एक ठरीव आराखडा फार चालतो: प्राध्यापकाचा खून, त्याने मरताना सोडलेली खूण, हजार वर्षं रहस्य सांभाळणारी गुप्त संघटना, आणि शेवटी जगाला हादरवणारं गुपित. इथल्या मातीला हे उसनं कापड कशाला? कल्याणच्या राजसत्तेकडे पाहा. विक्रमादित्य सहावा गादीवर येतो आणि १०७६पासून स्वतःचा शक सुरू करतो. बिल्हण काश्मीरहून येऊन त्याच्यावर काव्य रचतो, विज्ञानेश्वर इथेच ‘मिताक्षरा’ लिहितो. तिसरा सोमेश्वर ‘मानसोल्लास’मध्ये राजाच्या कोशापासून रत्नपरीक्षेपर्यंत सगळं मांडतो. मग बिज्जळाचा काळ येतो, बसवण्णा आणि त्यांच्यासोबतचे शिवभक्त शरण येतात, एक लग्न होतं आणि राजधानी पेटते. शरणांनी वचनांच्या ताडपत्रांच्या चळती घेऊन कल्याण सोडलं, असं परंपरा सांगते. पाठलाग, निष्ठा, वाचवायचा ठेवा, सगळं यात आहे, आणि ठेवा पुन्हा शब्दांचाच. हुमनाबादजवळच्या जलसंगवीच्या देवळात तर हातात लेखणी धरून लेख लिहिणारी मदनिका भिंतीवर उभी आहे.

दुसरी अपेक्षा अधिक गंभीर आहे. या कथांत एक बाजू रक्षकांची आणि दुसरी लुटारूंची अशी सरळ वाटणी करण्याचा मोह होतो, आणि ती वाटणी बहुधा धर्माने होते. हा मुलूख ती वाटणी मानत नाही. मान्यखेट लुटणारा परमार होता. गवानला मारणारे त्याच्याच दरबारातले होते. इथलं रहस्य उलगडायला एक भाषा पुरत नाही. देवळाच्या चौथऱ्यावरचा लेख हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, किल्ल्याच्या दरवाजावरचा फारसीत, देशमुखाच्या घरातली कागदपत्रं मोडीत आणि त्याखालचा दगड ब्राह्मीत. म्हणून इथल्या साहसकथेत एकटा वीर चालणारच नाही. मोडी वाचणारी मराठी मुलगी, हळेकन्नड जाणणारा मठातला म्हातारा, फारसीचा अभ्यासक, बारवेच्या तळाशी उतरणारा वडार, अशी टोळी जमवावीच लागेल, आणि प्रत्येकाच्या हाती किल्लीचा एकेक तुकडा असेल. या पुस्तकातल्या ज्या कथा मला सर्वांत आवडल्या, त्यांत ही टोळी आहे. ज्यांत ती नाही, त्या मला थोड्या फिक्या वाटल्या, हेही इथेच सांगून टाकतो.

कथा वाचून हात शिवशिवले तर चांगलंच आहे. सुट्टीच्या दिवशी बिदरला जा, सन्नतीला दर्शनाला गेलात तर त्या शिळेची चौकशी करा, आपल्या गावातला वीरगळ कुठे उभा आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मोडी शिका. कन्नडचे लेख वाचायला कन्नड मित्राला सोबत घ्या. नांगराला किंवा पाया खणताना काही लागलं तर ते जागेवरून हलवू नका, धुऊ नका, घासू नका, सराफाकडे नेऊ नका. फोटो काढा आणि तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. १८७८चा निधिविषयक कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं त्याने बंधनकारक केलं आहे. आणि त्या वस्तूवर अक्षरं असतील, तर ती वाचू शकणारा माणूस मिळेपर्यंत तिला हात लावू नका, एवढी माझी तुम्हाला विनंती आहे.